पोरांचं टेकाड

६ जानेवारी २०२५, सोमवार

नोकरी लागली. गळ्यात घालायचं कार्ड मिळालं, त्यावर माझा फोटो आणि खाली ‘दक्षा धोडी, समुदाय समन्वयक’. घरी येताना ते मुद्दामच काढलं नाही. आशागड नाक्यावर रिक्षातून उतरले तेव्हा भाजीवालीनं विचारलं, “बँकेत लागलीस का गं?” मी नुसती हसले.

काम असं आहे. डहाणू वाढतंय. स्टेशनच्या पूर्वेला परवापर्यंत चिकूच्या वाड्या होत्या तिथं इमारती उभ्या राहतायत, आणि आशागडच्या आसपासचे आमच्यासारखे पाडेही उद्या शहरातच जाणार. म्हणून पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचा ठरलाय, आणि शहर कसं हवं ते आधी लोकांनाच विचारायचं. काम पुण्याच्या एका कंपनीकडं आहे. त्यांना पाड्यावरची बोली, गुजराती आणि मराठी, तिन्ही येणारं माणूस हवं होतं. मी माहेरची वेवजीची, अगदी सीमेवरची, त्यामुळं गुजराती मला शिकावी लागलीच नाही.

बाळ गेल्यापासून मी घरातच होते. शिकलेलं सगळं चुलीत गेलं असं वाटायचं. आज माझ्या नवऱ्यानं, संदीपनं, कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघितलं. “फोटो चांगला आलाय,” म्हणाला. तो तारापूरला कारखान्यात आहे, शिफ्ट करून येतो तो अर्धा झोपेतच. पण आज हसला. माझी सासू सुकी, मी तिला आये म्हणते, भाकरी थापत होती. म्हणाली, “लोकांना काय पायजे ते विचारायचा पगार देतात?”

“हो.”

“मंग नुसतं विचारतात, का देतात पण?”

उद्या मॅडमना हेच विचारणार आहे. मॅडम म्हणजे कंपनीच्या इथल्या प्रमुख. कामाचं लिहायला त्यांनी एक फील्ड डायरी दिलीय. त्यात जे शोभणार नाही ते इथं लिहीन.

१६ जानेवारी

चिंचणीला सभा. किनाऱ्यावरच्या मोकळ्या पट्ट्यात उद्यान करावं असं मॅडमच्या मनात होतं. समुद्र समोर, संध्याकाळी लोक फिरायला येतील, बाकडी टाकू. नकाशा पसरला तेवढ्यात जमना नावाची एक बाई पाटी डोक्यावरून उतरवून पुढं आली. अंगाला सुक्या मासळीचा वास, आवाज असा की लाउडस्पीकर लाजेल.

“ही जागा तुमाला मोकळी कोणी सांगितली?”

“नकाशात मोकळी आहे, मावशी,” मी म्हटलं.

“आज बोंबील उचलले म्हणून मोकळी दिसते. उद्या ये बघायला. आन् गार्डनात बसणारी माणसं काय म्हणतील? मासळीचा वास येतो, ह्यांना हाकला. मी मेल्यावर करा गार्डन.”

बायका खदखदून हसल्या. मॅडमही हसल्या, आणि त्यांनी त्या पट्ट्यावरचं ‘उद्यान’ खोडून तिथं ‘मासळी सुकवण्याची जागा’ असं लिहायला लावलं. गाडीत मला म्हणाल्या, “बघ दक्षा, यासाठी आपण येतो.”

मला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं. माझ्यामुळं एका बाईचं म्हणणं नकाशावर उमटलं. घरी आल्यावर आयेला जमनाची नक्कल करून दाखवली. आये पोट धरून हसली.

२ फेब्रुवारी

वेवजीला आलेय, आईकडं. आजचा दिवस मला आमच्या घरी काढता येत नाही. आज ती तीन वर्षांची झाली असती.

इथून हायवे दिसतो. ट्रक गुजरातकडं जात राहतात. मी ओट्यावर बसून उत्तरेकडं बघते. तिकडं वलसाड. तिथल्या दवाखान्यात ती जन्मली, दोन दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि गेली. मी तेव्हा शुद्धीवर येत होते, जात होते. नीट जाग आली तेव्हा संदीप खाटेशी उभा होता. “तिथलंच तिथं केलं,” एवढंच म्हणाला. कुठं, ते मी विचारलं नाही. नंतर विचारावंसं वाटलं तेव्हा आयेनं तोंडावर हात ठेवला. आईनं जागा विचारायची नसते, पाय तिकडंच ओढतात, मग कूस भरत नाही, असं म्हणाली. माझी आईही तेच म्हणाली. म्हणून माझ्यापुरतं अख्खं वलसाड तिचं आहे.

संदीपला फोन केला. त्यानं उचलला नाही. आजच्या दिवशीसुद्धा त्याला काही आठवत नसेल का? पुरुषांचं बरं असतं.

४ फेब्रुवारी

परत आले. संदीपच्या दोन्ही हातांवर ओरखडे. करवंदीचे काटे लागलेत हे सरळ दिसतं. “कुठं गेला होतास?” विचारलं. “कुंपण घातलं,” म्हणाला. “कुणाचं?” त्यावर उठून अंघोळीला गेला.

कधीपासूनच शिफ्ट सुटल्यावर तो सरळ घरी येत नाही. ताडी पितो म्हणावं तर वास येत नाही. वास आला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज आमच्याच पाड्यावर सभा. बाकी सगळीकडं मी कार्डवाली मॅडम असते, इथं सुकीची सून. पण लोक आले. समाजमंदिराच्या ओट्यावर नकाशा पसरला. बायकांना दाराशी नळ हवा, म्हाताऱ्यांना दवाखाना. पोरांनी एकच ओरडा केला, “मैदान! मैदान!” खरंच आहे. बिचारी शेतात खेळतात, भात लावला की तेही बंद.

मैदानाला जागा शोधायची तर सगळ्या खासगी. पाड्याच्या मागं, ओढ्यापलीकडं मात्र एक बसकं टेकाड आहे. करवंदी आणि मोहाची चार झाडं. सातबारा सरकारी. मी लग्न होऊन आल्यापासून तिथं कुणी गुरं चारताना पाहिलं नाही की लाकडं तोडताना. मी जिव्या बाबांना विचारलं. पाड्यातले सगळ्यांत जुने तेच.

“बाबा, त्याला काय म्हणतात?”

ते बराच वेळ नकाशाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “पोरांचं टेकाड.”

मला इतका आनंद झाला! नावातच पोरं आहेत. पूर्वी मुलं तिथंच खेळत असणार, मग रान माजलं असेल. मी सगळ्यांना तसं सांगितलं, आणि नकाशावर हिरवं टिकलीएवढं स्टिकर लावलं. पोरं नाचली. मोठी माणसं मात्र कुणी काही बोलेना. शेजारची रखमी मध्येच उठली, “चुलीवर भात ठेवायचाय” म्हणून निघून गेली. भर दुपारी. आये कोपऱ्यात बसून आपल्या पायाची बोटं चोळत होती.

“कुणाची हरकत?” मी विचारलं. कुणीच हात वर केला नाही.

मॅडम म्हणतात, आपल्या लोकांना मागायची सवय नाही, म्हणून मिळालं की ते गोंधळतात. तसंच असावं.

१० फेब्रुवारी

संदीपशी कडाक्याचं भांडण. ड्युटीवरून आला तो बुटासकट आत आला.

“ती जागा सोड.”

“का?”

“सांगतो म्हणून सोड.”

“अख्ख्या पाड्यासमोर मी विचारलं होतं. तुझी आई तिथं होती. तेव्हा नाही कुणी बोललं.”

त्यानं आयेकडं बघितलं. आये चुलीत फुंकर मारत राहिली. चूल पेटलेलीच होती.

“दुसरीकडं कुठंही कर,” तो म्हणाला. “आपल्या वाडीत कर. वाडी देतो.”

“वाडी देशील, पण सरकारी टेकाड नको? तुला तिथं काय करायचंय?”

त्याचं तोंड एकदम लहान मुलासारखं झालं. मग तो बाहेर गेला.

मी विचार करतेय. कुंपण घातलं म्हणाला होता. त्या जागेवर ह्याचा डोळा आहे का? पुढंमागं शहरात आली की भाव येईल म्हणून? किंवा बायको बाहेर पडली, लोक तिचं ऐकतात, हे सहन होत नसेल. दुसरंच खरं वाटतं. तसं असेल तर मी सोडणार नाही.

५ मार्च

मॅडमनी पुण्याच्या मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. ‘लोकांनी सुचवलेली जागा, लोकांच्याच भाषेतलं नाव’ असं माझं टेकाड त्यांनी पडद्यावर दाखवलं म्हणे. पहिल्या टप्प्यातल्या कामांत ते आलं. मोजणीवाले याच महिन्यात येतील.

आनंद घरी सांगावासा वाटला. आयेला सांगितलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो हात तिथंच ठेवून बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, शाबासकी देतेय.

संदीप घरात बोलत नाही. जेवतो, झोपतो, जातो. आमच्यात बाळ होतं तेव्हा आम्ही किती बोलायचो. पोटावर कान ठेवून तो तिला कारखान्यातल्या गमती सांगायचा.

२५ मार्च

मी दिवसभर तलासरीला होते, तिथल्या बाजारात लोकांचं म्हणणं घ्यायला. पाड्यावर परतले तर सगळं सुन्न. आज मोजणीवाले येऊन गेले. जेसीबी आणला होता, करवंदी साफ केल्या, दगडगोटे कडेला लोटले, चारी कोपऱ्यांत सिमेंटचे खांब पुरले.

आणि संदीप. जिव्या बाबांनीच सांगितलं. त्याला कुणीतरी फोन केला, तो कामावरून तसाच सुटून आला आणि जेसीबीच्या पुढ्यात उभा राहिला. ड्रायव्हरची गचांडी धरली. लोकांनी ओढून बाजूला काढला. मग म्हणे तो लोटलेले दगड हातानं उचलून परत मांडत होता. एक इथं, एक तिथं. मोजणीवाले हसत होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमचा फोन आलाच, “तुझे मिस्टर का गं ते?” मी हो म्हटलं, माफी मागितली.

घरी आला तेव्हा त्याचे तळवे फाटले होते. मी तेल-हळद घेऊन गेले तर हात मागं घेतले. मी खूप बोलले. माझी लाज काढलीस, मला जगू देत नाहीस, तीन वर्षांनी मी माणसांत आले ते तुला बघवत नाही. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, “तुला बघवत नाय असं नाय गं.”

आये जेवली नाही. रखमीच्या घरातून रडण्याचा आवाज येत होता. का, ते विचारायला गेले तर तिनं दार लावून घेतलं. माझ्या तोंडावर.

१३ एप्रिल

आये मला महालक्ष्मीच्या जत्रेला घेऊन गेली. विवळवेढ्याला तोबा गर्दी. देवीसमोर तिनं माझ्यासाठी ओटी भरली. परत येताना झाडाखाली कलिंगड खात बसलो. तिनं अचानक माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

“तू शिकलीस,” म्हणाली. “आमी नाय शिकलो. आमाला जसा सांगला तसा आमी केला.”

“काय केलंत, आये?”

ती कलिंगडाच्या बिया बोटानं गोळा करत राहिली. “चल, गाडी जाईल,” म्हणाली.

पाड्यावर माझ्याशी बायका बोलेनाशा झाल्यात. पाण्याला गेले की बाजूला सरतात. रागानं नाही. राग असता तर कळला असता. मी विधवा झाल्यासारख्या त्या माझ्याकडं बघतात.

२ मे

कच्चा आराखडा लावून हरकती मागवल्या होत्या. आठ तारखेला सुनावणी आहे. अधिकारी बाहेरचे आहेत, पाड्यांवरून येणाऱ्यांचं बोलणं त्यांना मराठीत सांगायला मी बसणार आहे. मॅडमनी विचारलं, “आशागडची एक हरकत आली आहे, मैदानाच्या जागेची. तुमच्याच पाड्यावरची आहे. बोलशील ना तटस्थपणे?” मी म्हटलं, माझं कामच आहे ते.

हरकत संदीपचीच असणार. बोलू दे. सगळ्यांसमोर कारण तर सांगावं लागेल.

८ मे

कसं लिहू.

संदीप आला नव्हता. त्याची हरकत नव्हतीच. दार उघडलं आणि आत आली ती माझी सासू. माझ्या लग्नात नेसलेलं निळं लुगडं नेसून, मागं रखमी, जिव्या बाबा, आणि पाड्यातल्या आणखी बायका. आये माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही. अधिकाऱ्यांकडं बघून बोलायला लागली आणि मी तिचं बोलणं मराठीत सांगायला लागले.

“तठं मैदान नको, साहेब. तठं आमची पोरां निजलीत.”

मी सांगितलं, “तिथं मैदान नको. तिथं आमची मुलं झोपली आहेत.”

साहेब म्हणाले, “झोपायला जातात का तिथं?” वाईट माणूस नव्हता. त्याला कळलं नव्हतं. मलाही नव्हतं.

“जिती नाय,” आये म्हणाली. “मेलेली. दात येयाच्या आधी गेलीत ती. त्यांना जाळत नाय. तठं ठेवतात.”

मी सांगितलं. माझा आवाज मलाच दुरून ऐकू येत होता. तरी डोकं म्हणत होतं, आपलं नाही, आपलं वलसाडला आहे.

“माझे दोन हायेत तठं,” आये म्हणाली. “रखमीचा एक हाय. जिव्याची नात हाय. आन् माझ्या सुनंची पोशी हाय.”

मी म्हणाले, “त्यांची दोन मुलं तिथं आहेत. रखमीबाईंचा एक मुलगा आहे. जिव्या बाबांची नात आहे. आणि त्यांच्या सुनेची…”

साहेबांनी विचारलं, “सुनेची काय?”

“मुलगी,” मी म्हटलं. “मुलगी आहे, साहेब.”

आयेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं पण आवाज हलला नाही. “सुनंला आमी नाय सांगला. माझ्या पोरानं अठं आणून ठेवली. तो रोज जातो. ती जागा तिनंच दिली मैदानाला. तिला ठावं नव्हता. तिला कोणी बोलू नका. आमाला बोला.”

हेही मीच सांगितलं. शब्दन् शब्द. “सुनेला आम्ही सांगितलं नाही. माझ्या मुलानं तिला इथं आणून ठेवली. तो रोज जातो. ती जागा तिनंच मैदानाला दिली. तिला माहीत नव्हतं. तिला कुणी बोलू नका. आम्हाला बोला.” लिहून घेणाऱ्याचं पेन थांबलं होतं.

साहेब हळू आवाजात म्हणाले, “त्या सूनबाई आल्या आहेत का इथं? त्यांचंही म्हणणं नोंदवून घेऊ.”

मी म्हटलं, “आल्या आहेत.”

मॅडमनी मला हाताला धरून बाहेर नेलं.

९ मे

संदीप सकाळी ड्युटीवरून आला, दारातच बसला. मी त्याच्याशेजारी बसले. तो आपणहून बोलला.

तिला त्यानं वलसाडहून रेल्वेनं आणलं. एकटाच. आये माझ्यापाशी होती. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती. समोरच्या बाईनं विचारलं, झोपलं का बाळ? तो हो म्हणाला. ती बाई म्हणाली, शहाणं आहे, किती गुमान झोपलंय. उंबरगावला ती उतरली तेव्हा टॉवेल सरकला होता तो तिनं नीट केला.

डहाणूला जिव्या बाबा आले होते. दोघांनी मिळून ठेवली.

“तिथलंच तिथं केलं, असं का सांगितलंस?”

“आये म्हणाली तसं सांग. आणि मला वाटलं, लांब हाय असं वाटलं तर तू लवकर सावरशील.”

“मग फेब्रुवारीत तरी सांगायचं. भांडलास, पण सांगितलं नाहीस.”

“कार्ड घालून निघायचीस,” तो म्हणाला. “आरशात बघून केस नीट करायचीस. कसं सांगू? स्टिकर तू लावलंस असं कसं सांगू तुला? मला वाटलं, आपणच भांडून थांबवू. तुला कळायची गरजच नाय.”

त्याच्या तळव्यांवर अजून खपल्या आहेत. मी त्याच्या हातांना काय काय म्हटलं होतं ते सगळं मला आठवतंय.

१० मे

आज त्यानं मला नेलं. ओढा कोरडा आहे, चालत पलीकडं गेलो. करवंदी नसल्यामुळं टेकाड एवढंसं दिसतं. माती लाल, उघडी. खांबांवर पांढरे आकडे.

मी विचारलं, “कुठली?”

तो पुढं गेला. एका जागी थांबला. मग दोन पावलं डावीकडं सरकला. परत मागं आला. मोहाच्या झाडाकडं बघून अंदाज घेतला. चार झाडांतलं एक त्यांनी पाडलंय.

“चपटा दगड होता,” म्हणाला. “कडेला करवंदीची जाळी. जाळीत मी काटे लावले होते, कुत्री येऊ नयेत म्हणून.” तो खाली वाकून माती चाचपायला लागला. “ह्याच अंगाला होती. मी रोज यायचो गं. डोळे मिटून सांगितली असती.”

कडेला दगडांचा ढीग पडलाय, जेसीबीनं लोटलेला. त्यातले कितीतरी चपटे. त्या दिवशी त्यानं परत मांडलेलेही आहेत, पण कुठला कुणाचा हे त्यालाही ठाऊक नाही.

तो मोठ्यानं रडला. तिच्या जाण्यानंतर मी त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. मी त्याची पाठ धरून उभी राहिले. रोज भेटायला येणाऱ्या बापाची पोर मी हरवून टाकली. लोकांना विचारून, सगळ्यांची संमती घेऊन.

२८ मे

मॅडमचा फोन. मैदान रद्द. दुसरीकडं जागा बघतील, बहुतेक शाळेच्या मागची. टेकाड आहे तसंच राखायचं, खांब काढून घेणार. “नोंदीत काय नाव लिहायचं ते तुम्ही लोक सांगा,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “दक्षा, तू परत येशील ना कामावर?” मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

आयेला सांगितलं, जागा वाचली. ती म्हणाली, “बरं झालं.” नंतर परसात गेली, टेकाडाकडं तोंड करून भांडी घासत बसली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, तिची दोन पोरं तिथं आहेत, आणि तिलाही कुणी जागा दाखवली नसणार. पुरुषांनी नेली असतील, ती चुलीपाशी बसली असेल. मी मागं जाऊन विचारलं.

“आये, तू कधी गेलीस तिथं?”

“बाया जात नाय,” ती म्हणाली.

“जायचंय?”

तिच्या हातातलं पातेलं थांबलं.

१ जून, रविवार

सकाळीच निघालो. आये आणि मी दोघीच जाणार होतो, पण रखमीनं पाहिलं आणि तीही आली. मग एकेक करत आणखी बायका. कुणी कुणाला बोलावलं नाही. पुरुष ओढ्याअलीकडं थांबले. संदीपही थांबला. जिव्या बाबांना आम्ही बरोबर घेतलं, त्यांनीच इतक्या वर्षांत बहुतेकांना मातीत ठेवलंय.

टेकाडावर पोचल्यावर आयेनं त्यांना विचारलं, “माझे कुठं ठेवलंत?”

जिव्या बाबा काठी टेकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. “सुके, आता काय सांगू,” म्हणाले, आणि खाली बसले. त्यांच्याकडं बघवेना. बायकांतही कुणी त्यांना पुन्हा विचारलं नाही.

रखमी एका जागी जाऊन बसली. का तिथंच, कुणास ठाऊक. मग दुसरी थोडी पलीकडं. मी खालच्या अंगाला बसले, मातीवर हात ठेवला. ती इथंच असेल असं मला मुळीच वाटलं नाही. कुठंही काही वाटलं नाही, नुसती गरम माती. तरी हात उचलवेना.

आये मधोमध उभी होती. मग खाली बसली, आणि बसल्या जागी हळूच कुशीवर आडवी झाली, लहान मूल शेजारी घेऊन झोपतात तशी. गाल मातीला लावला. एक हात पुढं पसरला. बराच वेळ ती तशीच पडून होती. मला वाटलं, डोळा लागला असेल.

मग ती म्हणाली, “ऊन फार लागतंय गं अठं.”

कुणीच उठलं नाही.